मदत हवी आहे: वाचनात मागे पडलेल्या मुलांना वर्गातच कसं सांभाळावं?

आम्ही चौघं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. नववीतली सात-आठ मुलं अजून अक्षर-अक्षर जोडत वाचतात. ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’ या तिन्हींत ओ-यू-जी-एच हीच अक्षरं, उच्चार मात्र तीन. तिथे ती हमखास अडखळतात. आठवड्यातून दोनदा त्यांना तासातून बाहेर नेऊन वेगळं वाचन घेतो. वाचन सुधारतंय, पण वर्गात चाललेली कविता बुडते, आणि उठून जाताना त्यांच्या माना खाली जातात. ते बघवत नाही. वर्गातच जोड्या लावून कुणी हे जमवलंय का? वेळ कसा काढलात? आणखी एक, निबंधातली प्रत्येक चूक दाखवावी, की एका वेळी फक्त भूतकाळाची रूपं? मला दुसरं पटतं, पण पालकांना कसं समजावता?