तवंग नाहीसा झाला म्हणजे तेलगळतीचे नुकसान संपते का?

प्रश्न : एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

नववीच्या वर्गात तेलगळतीचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की तेल पाण्यावर तरंगते, तर ते वरच्यावर काढून घेतल्यावर समुद्र पूर्ववत व्हायला नको का? पंचगंगेत मळीचे पाणी आल्यावर तडफडून मेलेले मासे या मुलांनी पाहिले आहेत, आणि पावसाळ्यात नदी वाहती झाली की घाण निघून जाते, असा त्यांचा समज आहे. मला तिचे समाधान करता आले नाही. तेल दिसेनासे झाल्यावर काय उरते आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्याची झळ किती काळ बसते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र

ताई, नदीची तुलना अर्धीच लागू पडते. मळीमुळे पाण्यातला प्राणवायू संपून मासे गुदमरतात, आणि ताजे पाणी आले की तो परत येतो. तेलाचे हलके घटक काही दिवसांत उडून जातात, परंतु जड भाग लाटांनी घुसळला जाऊन चिकट लगदा बनतो, ओहोटीबरोबर वाळूत आणि गोट्यांखाली उतरतो, आणि तिथे प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे तेल खाणाऱ्या जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. 24 मार्च 1989 रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज खडकावर आदळून सुमारे 4 कोटी लिटर कच्चे तेल सांडले. वीस वर्षांनंतरही तिथल्या काही किनाऱ्यांवर थोडे खणले की तेल लागत होते. मला सर्वांत अस्वस्थ करते ते हे, की तेथील खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले गेले आणि तेलातून वाचलेले लहान जीव त्या सफाईत मेले.

उत्तर : मासळी व्यावसायिक, मूळ गाव रत्नागिरी

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. आमचा माल रत्नागिरीहून घाटाने येत असे, त्याचा त्या तेलाशी काही संबंध नव्हता. तरीही नेहमीची गिऱ्हाइके टोपलीकडे पाहून पुढे जात. ज्यांच्या जाळ्याला तेलाचा थेंबही लागला नाही, त्यांचे हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात लिहायचे?

उत्तर : वकील, शाहूपुरी

दादा, थेट नुकसानीचे पैसेही वेळेवर मिळत नाहीत. अलास्काच्या प्रकरणात ज्यूरीने 1994 मध्ये 500 कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली. अपिले होत होत 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुमारे 50 कोटींवर आणली. दुर्घटनेला तेव्हा 19 वर्षे झाली होती आणि अनेक दावेदार हयात नव्हते. म्हणून रोजच्या मासळीची वजने आणि विक्रीच्या पावत्या आधीपासून जपून ठेवाव्यात, असे मी किनाऱ्यावरच्या पक्षकारांना आवर्जून सांगतो.

उत्तर : ऊस उत्पादक, शिरोळ

2020 मध्ये मॉरिशसजवळ ‘वाकाशिओ’ जहाजातून तेल गळले, तेव्हा तेथील लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध तयार केले. बाई, मुलींना पसरट भांड्यात वाळू, पाणी आणि जळके खाद्यतेल घेऊन पाणी खालून हळूहळू काढून घेऊ द्या, मग वाळू बोटाने उकरायला सांगा. पाचट मी पाठवतो.