अनुभव धागा : गाणं सुचतं कुठून, बसतं कसं?

गाणी लिहिणाऱ्यांसाठी हा धागा आहे. भावगीत, पोवाडा, गझल, जिंगल, बारशाचा पाळणा, काहीही चालेल. पहिली ओळ कुठून येते आणि आल्यावर तिचं काय करता, ते लिहा. ‘आतून आलं’, ‘वरच्याची कृपा’ ही उत्तरं सत्काराच्या भाषणात शोभतात, इथे त्यांचा उपयोग नाही. चाल आधी की शब्द, मोजता कसं, अडतं कुठे आणि का? आत्मचरित्र नको, कृती हवी. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चालीवरचा

आजकाल बहुतेक गाण्यांत चाल आधी येते. संगीतकार फोनवर गुणगुणून पाठवतो, मध्ये काहीतरी निरर्थक शब्द भरलेले असतात. त्याला डमी म्हणतात. डमीचा अर्थ लावत बसू नये, पण त्यातले स्वर नीट ऐकावेत. लांब सुरावर त्याने ‘आ’ धरला असेल तर गळ्याला तिथे ‘आ’च हवा असतो.

माझी पद्धत अशी. चाल ऐकत कागदावर ऱ्हस्व सुराला ‘ल’, लांब सुराला ‘ला’ लिहायचं. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) रेघ, श्वासाच्या जागी स्वल्पविराम. मुखड्यातला (परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींतला) सगळ्यात चढा सूर कुठे आहे त्याला गोल करायचा. गाण्याचा मुख्य शब्द त्या गोलात बसला की निम्मं काम झालं. तिथे ‘आणि’, ‘मग’, ‘जरी’ असलं काही आलं तर गायिका कितीही चांगली असो, गाणं वर जात नाही.

लांब सुरावर आ, ए, ओ चालतात. वरच्या पट्टीत इ आणि उ आवळतात. मराठीत आणखी एक अडचण : बोलताना आपण ‘रान’, ‘पावसात’ असे शब्द व्यंजनावर संपवतो. न किंवा त स्वरासारखा लांबवता येत नाही. मग गाणारा ‘पावसातऽऽ’ असा अकार ओढतो आणि ते कृत्रिम वाटतं. ओळीच्या शेवटी ‘पावसात’ऐवजी ‘पावसाला’, ‘पावसाचे’ अशी रूपं येतील का ते बघायचं. शब्द तोच राहतो, फक्त विभक्ती बदलते.

सगळ्यात जास्त घात होतो तो चालीतल्या ठेहरावामुळे. समजा आठ अक्षरांची ओळ आहे, चाल चौथ्या अक्षरानंतर थांबते आणि तुम्ही लिहिलंत ‘तुझी आठवण येते’. गाताना ते होतं ‘तुझी आठ… वण येते’. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आठ हा आकडा आला की पुढचा विरह वाया. ‘आठवण तुझी येते’ केलं की चार-चार अक्षरं सरळ पडतात. कागदावर दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक ओळ चालीत मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय पाठवायची नाही.

कडव्याची शेवटची ओळ आधी लिहावी. तिला मुखड्याला जाऊन भिडायचं असतं, अर्थानेही आणि यमकानेही. ती शेवटावर ठेवली तर उरलेल्या जागेत कोंबाकोंबी होते आणि ‘रे’, ‘गं’, ‘सख्या’ अशी भर घालावी लागते.

स्फूर्तीचं म्हणाल तर विषय अनेकदा चालीतच असतो. उतरत जाणाऱ्या मुखड्यावर आनंदाचं गाणं लिहून बघा, शब्द सुराशी भांडत राहतात.

गालगागा

गझल लिहिणाऱ्यांचं उलटं. शब्द आधी, आणि शब्दांतच ताल आलेला असतो. उदाहरण म्हणून ही ओळ घ्या :

कोण गेले, कोण आले, दार माझे बंद होते

हे व्योमगंगा वृत्त, म्हणजे गालगागा चार वेळा. गा म्हणजे दोन मात्रा, ल म्हणजे एक. प्रत्येक तुकडा 7 मात्रांचा, ओळ 28 मात्रांची. आता रूपक ताल बघा : 7 मात्रा, विभाग 3-2-2. ‘कोण’ 3, ‘गे’ 2, ‘ले’ 2. तुकडा तालात जसाच्या तसा उतरतो, चार आवर्तनांत (तालाच्या फेऱ्यांत) ओळ पुरी. फक्त रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी असते. पहिल्या अक्षरावर दणका मिळेल अशा हिशेबाने शब्द ठेवू नका.

शेवट ‘दार माझे लावले’ असा केला की ओळ 26 मात्रांची होते (देवप्रिया वृत्त) आणि शेवटच्या आवर्तनात दोन मात्रा मोकळ्या राहतात. गायकाला तिथे श्वास मिळतो. गायला द्यायची गझल असेल तर माझी पसंती यालाच. सलग 28 मात्रांत दमसास संपतो आणि रदीफ (शेराच्या शेवटी दर वेळी येणारे तेच शब्द) गिळली जाते.

भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचं वृत्त : लगागा चार वेळा, 20 मात्रा. झपतालाच्या दहा-दहाच्या दोन आवर्तनांत बसतं, पण झपतालाचे विभाग 2-3-2-3 आणि लगागाचे 3-2. म्हणून ओळ तिसऱ्या मात्रेवरून उचलायची. पहिल्या मात्रेवरून सुरू केली तर सगळे आघात एकेक घर सरकतात आणि ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच कळत राहतं.

मोजताना जोडाक्षराकडे लक्ष द्या. ‘सत्य’मधला स गुरू (गा), कारण त्यावर आघात येतो. ‘चांदण्या’मधला द लघुच (ल), कारण पुढे जोडाक्षर असूनही आघात नाही. पुस्तकी नियम आंधळेपणाने लावणारे इथे हमखास घसरतात. उच्चारून बघायचं, कान सांगतो.

गझल नऊ शेरांची असली तरी गायला पाच पुरे. मतला (पहिला शेर) मुखड्यासारखा परत परत येणार, म्हणून तो शंभरदा ऐकवेल असा हवा. एकदाच चमकणारी कोटी मतल्यात नको.

जातं

वर गझलेत मात्रा मोजल्या. अभंगात अक्षरं मोजतात, मात्रा नाही. मोठा अभंग 6-6-6-4, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक :

दारी उभा राहे । वारा पावसाचा । निरोप गावाचा । घेऊनिया ॥

अक्षरसंख्या पक्की, अक्षराची लांबी गाणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणून एकच अभंग दहा चालींत गाता येतो. लहान अभंग दोन चरणांचा, साधारण आठ-आठ अक्षरांचा. ‘अभंग’ म्हणून सोळा मात्रांची घोटीव गीतं लिहिणारे खूप दिसतात. गीत म्हणून ती छान असतील, पण अभंगाचा ऐसपैसपणा त्यांत येत नाही.

जात्यावरची ओवी वेगळी. बहुतेकदा दोन ओळी, शेवटी यमक, आणि गाताना ओळ मध्येच तोडून ‘गं बाई’सारखी भर. ती भर जात्याचा फेरा पुरा करण्यासाठी असते, अर्थासाठी नाही. नव्या गाण्यात ओवी घेताना लोक नेमकी ही भर काढून टाकतात आणि मग लय पांगळी का झाली म्हणून विचारतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या ओव्यांचा संग्रह लाखाच्या वर आहे. आधी तो ऐका, नुसता वाचू नका. आणि घेताना साचा घ्या : पहिल्या ओळीत दिसणारी वस्तू (उंबरा, बैल, चोळी), दुसरीत मनातलं माणूस. एखाद्या बाईने गायलेली ओवी शब्दशः घेत असाल तर तिचं नाव गाण्याखाली आलंच पाहिजे.

झीलकरी

पोवाड्याला स्फूर्ती कागदपत्रांतून मिळते. प्रसंग निवडला की आधी यादी करतो : ठिकाणं, माणसं, शस्त्रं, वेळ. अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा त्या प्रसंगाच्या जवळपासच रचलेला, आणि आजही तो टिकतो तो तपशिलावर. नुसत्या ‘शूर’, ‘वीर’, ‘धन्य’ यांवर चौक (पोवाड्याचा एक भाग) उभा राहत नाही.

एका चौकात एकच घटना. दोन घातल्या तर झीलकऱ्यांना (शाहिरामागे झील धरून साथ गाणाऱ्यांना) ‘जी जी रं जी’ कुठे उचलायचं ते कळत नाही. झील घटनेच्या टोकावर यायला हवी. वाघनखं पोटात शिरल्यावर झील, आधी नाही. तारखा, नात्यांची गुंतागुंत, राजकारण हे सगळं मधल्या गद्यात सांगून टाकायचं. पद्यात ‘सन सोळाशे एकोणसाठ’ बसवायचा आग्रह धरला की पुढच्या तीन ओळी त्या यमकाच्या मागे फरफटतात. शेवटच्या चौकात शाहिराचं नाव. ती जागा आधीच राखून ठेवा.

पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. कार्यक्रमाआधी शेकून घ्यावं लागतं. लेखणीचा संबंध नाही, पण डफ बोलला नाही तर पहिला चौक फुकट जातो.

बारशाची आत्या

मी फर्माइशीवर पाळणे लिहून देते. साचा परंपरेचाच : पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी करत बाराव्यापर्यंत, प्रत्येक कडव्याला ‘जो बाळा जो जो रे जो’. पूर्ण बारा कडवी कुणी गात नाही. पाच ते सात ठेवा, दिवस गाळत गेलात तरी चालतं.

घरच्यांना चार प्रश्न विचारायचे : आजी-आजोबांना बाळ काय हाक मारणार, आजोळचं गाव, कुलदैवत, आणि नाव. नाव फक्त शेवटच्या कडव्यात, कारण आत्याने कानात सांगेपर्यंत ते कळायचं नसतं. नाव यमकाच्या जागी कधीच ठेवू नये. ‘अद्वैत’ला यमक शोधता शोधता ‘शेत’ येतं. ओळीच्या मध्ये ठेवा. आयत्या वेळी बदललं तरी तेवढ्याच अक्षरांचं नाव तिथे बसतं, आणि आयत्या वेळी नावं बदलतातच. कागद मोठ्या अक्षरांत छापा, गाणाऱ्या बायका चष्मा आणत नाहीत.

तीस सेकंद

जिंगलमध्ये सुचण्याआधी गणित. 30 सेकंदांत 120 च्या लयीला (मिनिटाला 120 ठोके) 60 ठोके, म्हणजे चार-चार ठोक्यांचे 15 बार. 100 ची लय घेतली तर 50 ठोके, म्हणजे साडेबारा बार, अर्धा बार लोंबकळतो आणि शेवट कापल्यासारखा वाटतो. 96 (12 बार), 112 (14 बार) किंवा 128 (16 बार) घ्या. 128 सगळ्यात सोयीची, कारण चार-चार बारांचे चार सरळ तुकडे पडतात.

शेवटचे दोन बार मालाच्या नावासाठी. नाव तीन अक्षरी असेल तर मधल्या अक्षरावर वरचा सूर देऊन बघा, बहुतेकदा चिकटतो. पुढे 20 आणि 10 सेकंदांच्या आवृत्त्या मागणारच, तेव्हा शेवटचे चार बार एकटे ऐकले तरी अर्थ लागला पाहिजे. पस्तीस-चाळीस शब्दांच्या वर जाऊ नका. सुचतं कुठून? गिऱ्हाईक दुकानात ती वस्तू काय म्हणून मागतं, तिथून. कंपनीच्या माहितीपत्रकात ती ओळ कधीच नसते.

बाल्या

कोकणातल्या जाखडीत (बाल्या नाचात) शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर असतात. आधी गण (गणपतीचं स्तवन), मग गवळण, मग सवाल-जवाब. चाली गाजलेल्या गाण्यांच्या उचलतात, त्यात लपवाछपवी नाही. प्रेक्षकाला चाल माहीत असली की त्याचे कान पूर्णपणे शब्दांवर राहतात.

इथे प्रेरणा म्हणजे समोरचा शाहीर. सवाल पुराणातला, आणि त्याला आधार हवा. ग्रंथ, अध्याय विचारला तर सांगता यायला हवा. जवाब जागेवर रचायचा असतो, म्हणून तयारी ओळींची नाही तर यमकांची ठेवायची. ‘-वाला’, ‘-ईला’, ‘-ते रं’ अशा शेवटांचे शब्द तोंडात घोळवून ठेवले की पहिली ओळ ढोलकीच्या एका आवर्तनात सुचते. नाचणाऱ्यांच्या पायात चाळ असतो, त्याच्या ठेक्यावर जड जोडाक्षरं आली की ऐकूच जात नाहीत.

चालीवरचा

बाल्या, कार्यक्रमात हे चालत आलंय. तेच ध्वनिमुद्रण करून विकलं तर चालीच्या मालकाची परवानगी लागते, हे नव्या मुलांना कुणीतरी सांगा.

कलम अठरा

मी सांगतो. गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, ध्वनिमुद्रण तिसरी. तिघांचे हक्क वेगळे. लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत शब्द आणि चाल संरक्षित. लोकगीताची मूळ चाल कुणाची नाही, पण कुणीतरी केलेलं तिचं ध्वनिमुद्रण त्याचं असतं.

कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला हक्क करारात सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडे जाऊ शकतो. तरीही ‘एकरकमी, सर्व हक्कांसह’ असे छापील कागद फिरत असतात. सही करण्याआधी तीन गोष्टी बघा : मुदत, प्रदेश, मोबदला. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हस्तांतर लेखीच हवं. फोनवरचा ‘हो’ चालत नाही.

नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात पुरावा म्हणून कामी येते. साहित्यकृतीला 500 रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेचं) सभासदत्व घेतलंत तर प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नोंदवलं नाही तर पैसे कुणाच्या नावावर टाकायचे ते त्यांना कळत नाही.

आणि चालीवर लिहिताना संगीतकाराने एखादी ओळ सुचवली असेल, किंवा डमीतलीच ओळ राहिली असेल, तर शब्दांतला त्याचा वाटा किती ते गाणं बाहेर पडायच्या आधी दोघांच्या सहीने कागदावर घ्या. नंतर आकडा जुळत नाही.

बारशाची आत्या

पाळण्यालाही हे लागू का?

कलम अठरा

तुम्ही रचलेल्या कडव्यांना हो, ‘जो बाळा जो जो’ला नाही. कागदाच्या तळाशी नाव आणि वर्ष छापत जा.