प्रतिसाद: पडवीच्या कोपऱ्यातला लुकलुकाट

घराच्या थ्रीडी ॲनिमेशनमध्ये पडवीचे कोपरे लुकलुकतात, ते का, असा प्रश्न आहे. व्ही-रे या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये इरेडियन्स मॅप (मोजक्या जागी नमुने घेऊन परावर्तित प्रकाशाचा अंदाज बांधायची पद्धत) दर फ्रेमला नव्याने काढला की हेच होतं. प्रत्येक वेळी नमुने वेगळ्या जागी पडतात. म्हणून प्रायमरीला, म्हणजे प्रकाशाच्या पहिल्या परावर्तनाला, ब्रूट फोर्स (प्रत्येक पिक्सेलचं थेट गणित) आणि सेकंडरीला, म्हणजे पुढच्या परावर्तनांना, लाइट कॅश (साठवलेला ढोबळ हिशेब) ठेवा. वेळ वाढेल: १० सेकंदांच्या २५० फ्रेम, फ्रेमला ६ मिनिटं धरली तर २५ तास. थेट एमपी४ व्हिडिओ नको, प्रत्येक फ्रेम वेगळी ईएक्सआर चित्रफाइल म्हणून काढा, मध्येच लाइट गेली (कोकणातल्या पावसात जाणारच!) तर पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येतं.

भिंतीच्या जांभ्या दगडाचं मात्र नुसता फोटो चिकटवून भागत नाही. चिऱ्याची भोकं डिस्प्लेसमेंटने (पृष्ठभागाला खरोखर खोली देणाऱ्या सेटिंगने) खोल करा, नाहीतर समुद्राकडून संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की भिंत वॉलपेपरसारखी सपाट दिसते.