मदत हवी आहे: रिपोर्ट ठीक, पण बाबा म्हणतात ‘बरें दिसना’

आम्ही गोव्यात फोंड्याला असतो. बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. बीपीची एक गोळी सोडली तर काही औषध नाही. पावसाळ्याआधीपर्यंत सकाळी स्वतः मार्केटात जाऊन बांगडे पारखून आणायचे. आता पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू दारात वाजला तरी खुर्चीतून उठत नाहीत. विचारलं की उत्तर एकच, ‘बरें दिसना’, म्हणजे बरं वाटत नाही. नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही. ताप, खोकला नाही, जेवण मात्र कमी झालंय.

साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, ईसीजी सगळं ठीक. हिमोग्लोबिन १२.१. शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन रक्तचाचण्यांपैकी ईएसआर ३६. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ५.८ आली, काही आठवड्यांनी परत केली तर ६.१. डॉक्टर म्हणाले, या वयात चालायचंच. भाऊ म्हणतो, शाळा सुटली, मित्र गेले, हे सगळं मनाचं आहे. मला तसं वाटत नाही. बाबा कुरकुर करणारे नाहीत, चिकुनगुनियातसुद्धा गप्प होते.

शरीरात बारीक दाह चालू असेल तर वयस्कर माणसाला आपली तब्येत बिघडल्यासारखी वाटते, असं वाचलं. यात तथ्य आहे का? आणि आता काय तपासायचं?

खाजन: रात्री हळद-दूध मिरपूड घालून द्या. माझ्या आईला फरक पडला.

वैद्यकीय_खिडकी: हळद जेवणात असू दे, पण कॅप्सूल सुरू करू नका. कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर तो धोकाच आहे.

मी मेडिसिनवाला आहे. न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ या एका प्रश्नाचं उत्तर पुढच्या आयुष्याबद्दल बरंच सांगून जातं. १९९७ साली २७ अभ्यासांचा आढावा निघाला होता. त्यातल्या बहुतेकांत, आजार आणि इतर गोष्टी हिशेबात धरूनही, ‘वाईट’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. घाबरू नका, हे समूहाचं गणित आहे, तुमच्या बाबांचं भविष्य नव्हे.

आता दाहाचं. दाहाचा संदेश नेणारे आयएल-६ सारखे रेणू रक्तात वाढले की यकृत सीआरपी बनवतं. तेच संदेश मेंदूलाही पोचतात, काही व्हेगस नर्व्ह या पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेमार्फत. मग थकवा, भूक मंदावणं, कुणात मिसळावंसं न वाटणं. फ्लू झाला की आपण भिंतीकडे तोंड करून पडतो, त्यामागे हेच असतं. निरोगी स्वयंसेवकांना जंतूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन अगदी थोडा टोचला, तर काही तासांतच ते स्वतःच्या तब्येतीला कमी गुण देऊ लागले. म्हणून भावाचं ‘मनाचं’ आणि तुमचं ‘शरीराचं’ यात भांडण नाही. डिप्रेशनमध्येही सीआरपी थोडी वाढलेली सापडते, आणि डिप्रेशन ही उपचार करण्यासारखी गोष्ट आहे.

पण उलटं गणित मांडू नका. हा संबंध समूहात दिसतो आणि तसा माफकच असतो. सीआरपी ३ च्या वर म्हणजे जास्त, पण ती का वाढली हे तो आकडा सांगत नाही. हिरड्या, पोटाचा घेर, तंबाखू, जुना संसर्ग, सांधे, काहीही असू शकतं. ईएसआरबद्दल तुमचे डॉक्टर चुकले नाहीत. पुरुषात वयाच्या निम्म्यापर्यंत चालते, म्हणजे ३७. हिमोग्लोबिन मात्र १३ च्या खाली आहे, त्याचं कारण शोधायला हवं.

वजन किती घटलं? संध्याकाळी अंग गरम लागतं का? सकाळी उठताना काय होतं?

धागाकर्ती: वजन दोन-तीन किलो उतरलंय. ताप मोजला, नाही. सकाळचं विचारलंत म्हणून आईला विचारलं. ती म्हणते, सदरा घालताना हात वर जात नाहीत, तीच बाही चढवून देते. बाथरूममधून आल्यावरही तासभर खांदे, मांड्या आखडलेल्या असतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं!

वैद्यकीय_खिडकी: हे मोलाचं आहे. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि कंबर-मांड्या सकाळी पाऊण तासापेक्षा जास्त आखडत असतील, तर पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिकाचा (खांदे-मांड्या आखडवणारा दाहाचा आजार) विचार करावाच लागतो. त्यात सहसा सीआरपी याहून बरीच जास्त असते, म्हणून मी छातीठोकपणे काही म्हणत नाही. चिकुनगुनियाचं दुखणंही महिनोन्‌महिने रेंगाळतं, तो कधी झाला होता ते सांगा. र्‍हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांध्यांच्या दाहाच्या तज्ज्ञांना, दाखवा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला आधी मेडिसिन ओपीडीत जाऊन विचारलंत तरी चालेल. यावर देतात ते स्टेरॉइड मनाने सुरू करू नका. नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या, डोळा जाऊ शकतो.

मांडवीकाठ: ताई, बाहीची गोष्ट कागदावर लिहून न्या. आपले म्हातारे डॉक्टरांसमोर ‘सगळं बरं’ म्हणून मोकळे होतात.

धागाकर्ती: लिहिली. चिकुनगुनिया दोन वर्षांपूर्वीचा. सोमवारी बांबोळीला जातोय, भाऊ गाडी काढणार आहे. देव बरें करूं. सीआरपी परत करायला सांगितली तर उपाशीपोटी न्यायचं का?

वैद्यकीय_खिडकी: गरज नाही. पेज जेवून जाऊ द्या. सर्दी-ताप असेल त्या आठवड्यात मात्र करू नका, आकडा उगाच चढलेला येतो.