‘ग्ली’ पाहून समूहगान बसवता येतं म्हणे!

खर्जभरणा
शाळेत समूहगान कसं बसवायचं ते ‘ग्ली’ ही शाळेतल्या गायनगटावरची अमेरिकन मालिका पाहिली की कळतं, असं काल इथे एकांनी लिहिलं आणि त्याखाली बदामांचा पाऊस पडला. म्हणून सविस्तर लिहितोय. सहा सीझन, १२१ भाग, आणि त्यात सगळं आहे, फक्त तालीम नाही!

गटाचे शिक्षक शूस्टर फळ्यावर आठवड्याचा विषय लिहितात. खडू खाली ठेवेपर्यंत कुणीतरी उठून गायला लागतं आणि दुसऱ्या ओळीला बाकीचे अकरा जण आपापल्या हार्मनीवर हजर. पावलंही जुळलेली. कुणाच्या हातात साधा कागद नाही. चार आवाजांचं गाणं असं बसत नाही हो. सोप्रानो, आल्टो (मुलींचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (मुलग्यांचे उंच आणि खालचे) यांना आधी वेगवेगळं बसवून प्रत्येकाची ओळ पेटीवर एका बोटाने वाजवून पाठ करून घ्यावी लागते. मग सोप्रानो आणि बास एकत्र घ्यायचे, कारण वरची आणि खालची ओळ पक्की झाली की मधल्यांना टेकायला जागा मिळते. आल्टो हमखास घसरतात आणि मूळ चालीवर जाऊन बसतात, कारण ती आधीपासून कानात असते. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. कुणी कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने लिहून ठेवायचं. नाच त्यानंतर. उडी मारून टेकताना पोटाला झटका बसतो आणि सूर हलतो, म्हणून लांब सुराखाली पाय जमिनीवर ठेवतात. ‘ग्ली’त नेमक्या लांब सुरावरच गिरक्या!

दुसऱ्या सीझनच्या शेवटी ही मंडळी राष्ट्रीय स्पर्धेला न्यूयॉर्कला जातात आणि गाणी तिथे पोचल्यावर लिहायला बसतात. बारावा नंबर येतो. मालिकेतला सर्वात खरा निकाल हाच. पण खापर कशावर? गटातले मुख्य गायक फिन आणि रेचल यांनी रंगमंचावर घेतलेल्या चुंबनावर. तालमीचं कुणी नावही काढत नाही.

मध्यलय
अहो, ही फॉक्स वाहिनीवरची संगीत मालिका होती, गायनशाळेचं वेळापत्रक नव्हे. संगीत नाटकात नायिका बागेत पद म्हणते तेव्हा ऑर्गन बागेत कुठून आला असं आपण विचारतो का? संकेत असतो तो. गाणी आधी स्टुडिओत रेकॉर्ड व्हायची आणि सेटवर त्यावर ओठ हलवायचे, हे काही लपवलेलं नव्हतं. आणि मालिकेतल्या दुसऱ्या शाळेचा, डाल्टन अकादमीचा गट, वॉर्ब्लर्स, का विसरलात? त्यांच्यामागचे आवाज टफ्ट्स विद्यापीठाच्या बीलझेबब्स या फक्त मुलग्यांच्या गटाचे होते. वाद्य नाही, चार भाग स्वच्छ वेगळे ऐकू येतात, आणि ताल तोंडाने धरलेला. याहून चांगला पाठ कोणता हवा?

पायपेटी
संगीत नाटकाचा दाखला चुकीचा आहे. तिथे ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांना दिसेल असे बसतात आणि त्यांची नावं जाहिरातीत असतात. ‘ग्ली’त पियानोवर बसलेला ब्रॅड पाहा. वाजवणारे ब्रॅड एलिस खऱ्या आयुष्यातही पियानोवादक आणि संगीतकार. मुलांनी आयत्या वेळी गाणं, पट्टी काहीही बदललं की हा माणूस त्याच क्षणी वाजवायला लागतो, आणि वर्गातलं कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. पट्टी अर्ध्या स्वराने चढवली की पियानोवर सगळी बोटं नव्या जागी जातात. स्केलचेंजर पेटीची पट्टी सरकवण्यासारखं ते काम नाही.

आणि साथीदाराला न विचारणारी हीच मालिका २०१३ मध्ये गायक जोनाथन कोल्टनच्या बाबतीत तशीच वागली. ‘बेबी गॉट बॅक’ हे सर मिक्स-अ-लॉटचं १९९२चं रॅप, म्हणजे मुळात त्याला गाण्याची चालच नाही. कोल्टनने २००५ मध्ये त्याला संथ, गिटारवर म्हणायची चाल लावली. ‘ग्ली’ने तीच चाल, तीच बांधणी उचलली. इतकी की कोल्टनने शब्दांत स्वतःचं ‘जॉनी सी’ घातलं होतं, तेसुद्धा तसंच गायलं. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

कोमल_निषाद
पायपेटी, राग समजतो, पण कायदा वाचा. अमेरिकेत दुसऱ्याचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ खाली परवाना मिळतो. आपल्या शैलीत बांधणी करायची मुभा त्यात आहे, पण मूळ मालकाची स्पष्ट संमती नसेल तर त्या बांधणीवर स्वतःचा हक्क सांगता येत नाही. कोल्टनकडे परवाना होता, तो एवढाच. चोरी हा शब्द इथे बसत नाही.

पायपेटी
चोरी हा शब्द मी लिहिलेलाच नाही, तुम्ही माझ्या तोंडी घालताय! नाव द्यायला कायदा कशाला लागतो? कोल्टनला उत्तर काय मिळालं, तर आम्ही कायद्यात बसतो, आणि प्रसिद्धी मिळतेय यात तुम्ही आनंद मानायला हवा. हे कोल्टननेच जाहीर लिहिलं. मग त्याने आपलंच जुनं रेकॉर्डिंग ‘ग्लीच्या शैलीत’ म्हणून पुन्हा विक्रीला काढलं आणि त्याचे पैसे दान केले. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ‘ग्ली’च्या २०७ नोंदी आहेत. एवढं मिळाल्यावर बांधणी करणाऱ्याचं एक नाव लिहायला हात का आखडला?

कोमल_निषाद
हक्क नव्हता एवढंच मी म्हणतोय. नाव द्यायला हवं होतं, हे मान्य. आता तरी आवाज खाली घ्या.

मध्यलय
कोर्टकचेरी झाली असेल तर मूळ विषयावर या. खर्जभरणा, वॉर्ब्लर्सबद्दल तुम्ही गप्प का?

खर्जभरणा
वॉर्ब्लर्स मान्य. नाइलाज आहे, कान खोटं सांगत नाहीत. पण तो आवाज विद्यापीठात वर्षानुवर्षं एकत्र गाणाऱ्यांचा आहे, तुमच्या आठवीतल्या मुलांचा नाही. न्यू डायरेक्शन्सची, म्हणजे शूस्टरच्या गटाची, गाणी मात्र हेडफोन लावून ऐका. बारा जण दिसतात आणि चाळीस ऐकू येतात. एकच ओळ दोन-तीनदा गाऊन घेऊन डाव्या-उजव्या कानात वाटली की आवाज भरीव होतो. ती भर येते दर वेळच्या किंचित वेगळ्या सुरामुळे आणि वेळेमुळे. नुसती नक्कल करून डकवली तर येत नाही. त्यावर सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर जोरात लावलं की तो फरकच पुसला जातो. ‘ग्ली’तल्या कोरसला काचेसारखी चकाकी येते ती यामुळे. मुलं तो आवाज काढायला जातात आणि घसा ताणतात.

मध्यलय
बरं. मग तुमच्यासमोर खरोखरच बारा मुलं उभी आहेत. काय कराल ते सांगा.

खर्जभरणा
चार भाग करणार नाही. फुटलेल्या आवाजाची मुलं बारात चारपाच निघतात. त्यांचे टेनर आणि बास असे दोन तुकडे केले तर एकाला सर्दी झाली की अर्धी ओळ गेली. म्हणून तीन भाग: सोप्रानो चार, आल्टो चार, आणि फुटलेल्या आवाजाची सगळी मुलं मिळून खालची एकच ओळ. ती त्यांना ओरडावं लागणार नाही आणि पुटपुटावंही लागणार नाही अशा मधल्या पट्टीत लिहायची. पहिले तीन आठवडे खुर्च्यांवर बसून, फक्त पेटी. चौथ्या आठवड्यात उभं राहून. पावलं त्याच्याही पुढच्या आठवड्यात, आणि तीसुद्धा आधी न गाता.