मदत हवी आहे: समाजवादी की साम्यवादी?

कृष्णाकाठचा: एका नेत्याच्या नावापुढं लिहायचंय. दोन्हीचा अर्थ एकच ना? पेंटर उद्या सकाळी नऊला येतोय. अक्षरावर पैसे घेतो, पुसून परत लिहायचे वेगळे. 'साम्यवादी'त एक अक्षर वाचतं. पटकन सांगा.

बिनपगारी मास्तर: एकच नाही. मार्क्सने १८७५ मध्ये साम्यवादी समाजाच्या दोन पायऱ्या सांगितल्या. खालच्या पायरीवर कामाप्रमाणे मोबदला, वरच्या पायरीवर गरजेप्रमाणे. खालचीला समाजवाद म्हणतात, असं लेनिनने लिहिलंय. पण आपल्याकडे निवडणुकीच्या वाटेनं जाणारे, कम्युनिस्टांशी हाडवैर असलेलेही समाजवादीच म्हणवून घेत. लिहिताय कुणाबद्दल?

हळदपेठ: पेंटर कशाला? फ्लेक्स करा, तासाभरात मिळतो.

कृष्णाकाठचा: भिंत आहे हो. फ्लेक्स नको.

तिखटजाळ: संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने 'समाजवादी' आलाय. तेच लिहा, कुणी हरकत घेणार नाही.

बिनपगारी मास्तर: तो शब्द गणराज्याला लावलाय, माणसाला नाही. १९५५ ला मद्रासजवळच्या आवडी गावातल्या अधिवेशनात काँग्रेसनेही समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला होता. म्हणून सगळे काँग्रेसवाले समाजवादी काय?

वाळव्याचा नातू: अहो, नाव सांगा की आधी!

कृष्णाकाठचा: नाना पाटील. आमच्याकडं दुसरं कोण असणार? वाचनालयाची भिंत आहे, ३ ऑगस्टच्या जयंतीला.

वाळव्याचा नातू: मग एवढा वेळ काय लपवत होता? साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारनंतर नाना शेतकरी कामगार पक्षात, तिथून कम्युनिस्ट पक्षात. १९५७ ला उत्तर सातारा आणि १९६७ ला बीड, दोन्हीकडून खासदार झाले ते त्याच पक्षातर्फे. आमचा आजा 'लाल बावट्याचे नाना' म्हणायचा. 'साम्यवादी' त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही.

तिखटजाळ: प्रतिसरकार नव्हे, पत्री सरकार! गुन्हेगारांच्या तळपायाला पत्र्या ठोकायचे म्हणून पत्री.

बिनपगारी मास्तर: मूळ शब्द प्रतिसरकारच. लोकांच्या तोंडी पत्री झालं. आणि हे कुणी विचारलंय?

तिखटजाळ: आमच्या गावात कुणालाही विचारा.

कृष्णाकाठचा: भांडू नका, सकाळी नऊला पेंटर येतोय. समाजवादी बाद ना?

बिनपगारी मास्तर: बाद. साम्यवादी चुकीचा नाही, पण पुस्तकी आहे. सरळ 'कम्युनिस्ट नेते' लिहा.

कृष्णाकाठचा: 'कम्युनिस्ट'पण चारच अक्षरं. पण आमच्या पेंटरला 'स्ट' जमत नाही. मागच्या खेपेला 'ट्रस्ट'चं 'ट्रस' करून गेलाय, अजून तसंच आहे.

बिनपगारी मास्तर: कागदावर मोठ्ठं लिहून द्या.

हळदपेठ: म्हणून म्हणत होतो, फ्लेक्स.