नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक उघडला, पण दर शनिवारचं काय?

विल्क्सच्या_वाटेवर (मूळ धागा)

शार्लटहून आय-77 ने वर निघालं आणि पुढे 421 धरला की साधारण दीड तासात रस्त्याला लागून एक जुना स्टँड दिसतो. हाच नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहायला आलो तेव्हा त्याच्या पायऱ्यांमधून झुडपं वर आली होती. भिंतीवरची रंगातली अक्षरं अर्धी उडालेली होती, आणि फाटकाला कुलूप होतं. गाडी बाजूला लावून कुंपणातून बराच वेळ बघत उभा राहिलो होतो. बंद पडलेली गिरणी बघून गिरणगावातल्या माणसाला जसं वाटतं, तसं काहीसं वाटलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टॉक कार वरून रस्त्यावरच्या मोटारीसारखी दिसते, पण आत पोलादी पाइपांचा सांगाडा असतो आणि ड्रायव्हरची एकच सीट. ट्रॅक अंडाकृती, वळणं सगळी डावीकडे. नॉर्थ विल्क्सबरोची एक फेरी 0.625 मैलाची, म्हणजे साधारण एक किलोमीटर. इनॉक स्टेली या स्थानिक माणसाने हा ट्रॅक बांधला आणि 18 मे 1947 ला तिथे पहिली शर्यत झाली. जमीन सपाट करता करता पैसे संपले, म्हणून पुढची सरळ बाजू उताराची राहिली आणि मागची चढाची, असं सांगतात. तो चढउतार आजही तसाच आहे. पहिल्या वळणात गाडी उतारावरून शिरते, ब्रेक लागला की मागची चाकं सुटू बघतात आणि ड्रायव्हरला तिला अक्षरशः ओढून आणावं लागतं. मोठ्या, गुळगुळीत ट्रॅकवर ही मजा नाही.

1995 मध्ये स्टेली गेले. मालकीचे दोन भाग दोन मोठ्या ट्रॅकमालकांकडे गेले, एक ब्रूटन स्मिथ आणि दुसरे बॉब बार. दोघांनाही हा ट्रॅक नको होता, त्यांना नॅस्करच्या (स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी अमेरिकेतली संस्था) वेळापत्रकातल्या त्याच्या शर्यतींच्या तारखा हव्या होत्या. एक तारीख टेक्ससला गेली, दुसरी न्यू हँपशरला. 29 सप्टेंबर 1996 ला शेवटची मोठी शर्यत झाली, ती जेफ गॉर्डनने जिंकली आणि कुलूप लागलं. 2010 मध्ये भाड्याने घेऊन ट्रॅक पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला, तोही वर्षभरात आटपला.

2019 च्या डिसेंबरात नावाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि मंडळी तण उपटायला उतरली. हेतू एवढाच होता की ट्रॅकचं लेझरने मोजमाप घेऊन तो निदान संगणकावरच्या खेळात तरी जिवंत ठेवावा. पुढे 2021 मध्ये राज्याने 1 कोटी 80 लाख डॉलर मंजूर केले. ऑगस्ट 2022 मध्ये जुन्याच डांबरावर शर्यत झाली. त्यात अर्नहार्ट स्वतः उतरले आणि तिसरे आले. 21 मे 2023 ला नॅस्करची ऑल-स्टार शर्यत झाली, काइल लार्सन जिंकला. आणि जुलै 2026 साठी गुणांची शर्यत, म्हणजे जिचे गुण वर्षाच्या विजेतेपदासाठी धरले जातात ती, जाहीर झाली, 30 वर्षांनी.

मला या सगळ्याचा मनापासून आनंद आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. वर्षातून एकदा टीव्हीवाले येऊन गेले म्हणजे ट्रॅक जगला असं होत नाही. छोटा ट्रॅक जगतो तो दर शनिवारी. गॅरेजवाला, शाळेतला मास्तर, कोंबड्यांच्या कारखान्यातला फोरमन आपापली गाडी ट्रेलरवर टाकून येतात आणि त्यांची बायकापोरं स्टँडमध्ये बसतात, तेव्हा. जाहिरात करायचीच तर या शनिवारांची करा.

हिशेबनीस

लेख जीव ओतून लिहिलाय, पण 1 कोटी 80 लाखांवरून तुम्ही एका वाक्यात पुढे गेलात. तिथे थांबू या.

हे करोनानंतर केंद्राकडून राज्यांना मिळालेल्या मदतीतले पैसे. त्याच वेळी शार्लटच्या ट्रॅकला 1 कोटी 30 लाख आणि रॉकिंगहॅमला 90 लाख मिळाले. म्हणजे एका राज्यातल्या तीन ट्रॅकना मिळून 4 कोटी डॉलर. नॉर्थ विल्क्सबरोचा मालक कोण? ज्या ब्रूटन स्मिथनी 1996 मध्ये तारीख उचलून टेक्ससला नेली, त्यांचीच कंपनी. आधी गावाचा ट्रॅक बंद करायचा आणि 25 वर्षांनी गावाच्याच पैशाने उघडून टाळ्या घ्यायच्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय? विल्क्स काउंटीत (तिथला जिल्हाच म्हणा) त्या पैशातून दवाखाने उभे राहिले असते.

विल्क्सच्या_वाटेवर

तारीख कोणी नेली हे मी लपवलेलं नाही, आणि तुमचा राग मला पटतो. मात्र ते पैसे पाण्याची लाइन, सांडपाणी अशा पायाभूत कामांसाठी होते, ड्रायव्हरांच्या बक्षिसासाठी नव्हते.

विल्क्सची गोष्ट फक्त ट्रॅकची नाही. लोज ही हार्डवेअरची दुकानं, ज्यांच्या इथल्या आणि बंगळुरूच्या ऑफिसांत आपली कितीतरी मुलं काम करतात, ती 1921 मध्ये याच गावातल्या एका दुकानातून सुरू झाली. मुख्यालय पुढे मूर्सव्हिलला गेलं. होली फार्म्स ही कोंबड्यांची कंपनी इथलीच, ती 1989 मध्ये टायसनने घेतली. मग ट्रॅक गेला. एकेक करून सगळं उठून गेलेल्या गावात परत आलेली ही एकच गोष्ट आहे. दवाखाना हवाच. पण ट्रॅक उघडला म्हणून दवाखाना झाला नाही, असा हिशेब तुम्ही मांडू नका.

सायकलवाली_अॅशव्हिल

मी विल्क्सबरोहून दोन तासांवर राहते, अॅशव्हिलला. आमच्याकडे फ्रेंच ब्रॉड नदीकाठी असाच एक ट्रॅक होता. 1999 मध्ये तो बंद झाला आणि ती जागा शहराकडे आली. आता तिथे कॅरियर पार्क आहे. जुना डांबरी अंडाकृती ट्रॅक तसाच ठेवलाय, त्यावर आम्ही सायकली चालवतो. माझा मुलगा त्याच ट्रॅकवर आधाराची चाकं काढून पहिल्यांदा सायकल शिकला. संध्याकाळी आजोबा मंडळी काठी टेकत कडेने चालत असतात.

हिल्सबरोजवळ ऑकोनीची स्पीडवे 1940 च्या दशकातला. तो 1968 मध्ये बंद पडला. आज तिथे झाडांतून पायवाट आहे आणि राष्ट्रीय वारसा म्हणून त्याची नोंदही झाली आहे. आठवण जपायला इंजिनाचा आवाज लागतोच असं नाही. जुन्या ट्रॅकवर रोज हजार पावलं पडली तर तो मेला असं मी मानत नाही.

विल्क्सच्या_वाटेवर

ताई, कॅरियर पार्कला मी गेलोय, सुंदर आहे. ते शहराच्या मधोमध आहे आणि तिथे ते शोभतं. पण विल्क्समध्ये डोंगर आहेत, नदी आहे, फिरायला वाटा भरपूर आहेत. नाही ते शनिवारी रात्री हजार माणसांना एका जागी आणणारं ठिकाण.

चाकणकर

खेड तालुक्यातून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या बैलगाडा आहे, म्हणून हा विषय जवळचा वाटला.

आमच्या शर्यती मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या. 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. तुमच्या नॉर्थ विल्क्सबरोची मोठी शर्यत त्याच आठवड्यात झाली, तीन दिवसांनी! आणि ट्रॅकची पहिली शर्यतही 18 मेचीच. अंगावर काटा आला वाचून.

आता बोलायचं ते बोलतो. परवानगी आली त्या दिवशी वडील घाटावर जाऊन रडले. पण पुढे काय झालं? बक्षिसाला ट्रॅक्टर, जेसीबी, चारचाकी आल्या. बैलांची किंमत आमच्या आवाक्याबाहेर गेली. यात्रेच्या घाटात पूर्वी गावातल्याच गाड्यांच्या बाऱ्या व्हायच्या, नारळ आणि फेटा मिळाला तरी माणूस वर्षभर मिरवायचा. आता बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो मोठे आणि बैलाचं नाव बारीक. उघडण्याच्या विरोधात मी नाही. पण जाहिरात वाढली की खेळ गावाच्या हातून सुटतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या त्या ट्रॅकवर ऑल-स्टारला बक्षीस किती होतं?

विल्क्सच्या_वाटेवर

दहा लाख डॉलर. तुमच्या प्रश्नातच तुमचं म्हणणं आलं, दादा.

मीही तेच म्हणतोय. मला हवाय तो नारळ-फेट्याचा ट्रॅक. तो कसा चालतो ते सांगतो, कारण हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. शनिवारच्या छोट्या ट्रॅकचं उत्पन्न फक्त स्टँडच्या तिकिटावर नसतं. प्रत्येक गाडीबरोबर चार-सहा माणसं येतात आणि आत जायला प्रत्येकाला पिटचा, म्हणजे गाड्या तयार करायच्या आतल्या जागेचा, पास घ्यावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी प्रेक्षकाच्या तिकिटापेक्षा महाग असतो. म्हणजे खेळणाराच ट्रॅक पोसतो. चार सिलिंडरच्या जुन्या मोटारींचा वर्ग ठेवला तर पोरं कमी पैशात उतरतात. तो वर्ग बंद केला की वरच्या वर्गाला माणूस मिळत नाही आणि पाचेक वर्षांत गाड्यांची रांग आखडते.

गेल्या उन्हाळ्यात एका लहान ट्रॅकवर मी लेकीला घेऊन गेलो होतो. शेजारच्या ट्रेलरपाशी एक बाप आणि त्याची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी काम करत होते. बाप जॅकवर, मुलगी चाकावर. नट घट्ट केल्यावर तिने हाताच्या पंज्याने टायर दोनदा थोपटला, आपण बैलाच्या पाठीवर थोपटतो ना, तस्सा. मग चेहऱ्यावरचं ग्रीस बाहीला पुसून हेल्मेट तिनेच चढवलं. गाडी तिची होती! माझी लेक परतीच्या वाटेवर सगळा वेळ तेवढंच बोलत होती.

विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम बघा. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक, मालकी शहराची. 1949 पासून तिथे नॅस्करच्या शर्यती होतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री स्टँड भरतो. 2025 मध्ये नॅस्करची हंगामाच्या सुरुवातीची मोठी शर्यत, क्लॅश, तीही तिथे झाली. पण तिच्याआधी कित्येक दशकं तो ट्रॅक आपल्या शनिवारांवरच उभा होता. गाव करी ते राव न करी.

डॉक्टरीणबाई_रॉली

आवाजाबद्दल आणि शिशाबद्दल कोणी बोलतच नाहीये. नॅस्करच्या वरच्या मालिकांनी 2007 पासून शिसं नसलेलं इंधन घ्यायला सुरुवात केली. छोट्या ट्रॅकवर मात्र शिसं असलेलं रेसिंगचं पेट्रोल अजूनही वापरलं जातं, कारण रस्त्यावरच्या गाड्यांना लागू असलेली बंदी शर्यतीच्या गाड्यांना नाही. लहान मुलांच्या मेंदूला शिसं सुरक्षित म्हणावं अशी कोणतीही पातळी नाही. दर शनिवारी, असं तुम्ही म्हणता तेव्हा दर शनिवारी तिथे कुंपणापाशी उभं राहणारं पोर मला दिसतं. मोठी शर्यत वर्षातून एकदा असते आणि तिथलं इंधन तरी बरं असतं. माझ्या दृष्टीने तुमचा शनिवारच जास्त घातक आहे.

विल्क्सच्या_वाटेवर

डॉक्टर, याला माझ्याकडे उत्तर नाही, तुमचं म्हणणं मान्यच करावं लागेल. मी मुलीला कान झाकणारे मोठे हेडफोन घालून नेतो, पण श्वासाचं काय, हा विचार मी केला नव्हता. राज्याने पैसे दिलेत तर अट घालता येते: शिसंवालं इंधन बंद, आणि रात्री ठरलेल्या वेळेला इंजिनं थंड. साप्ताहिक शर्यती हव्यात, पण या अटीसकट, असं मी आता म्हणेन.

हिशेबनीस

अट घातली तर माझा अर्धा विरोध संपला. अर्धा राहतो. करारात लिहून घ्या की पुन्हा तारीख हलवली तर पैसे परत.

अर्वाइनकर

कॅलिफोर्नियातून. आमच्या जवळचा अर्विनडेल स्पीडवे 2024 च्या डिसेंबरात कायमचा बंद झाला, जागा गोदामांना गेली. तिथे शनिवार चालू होते, स्टँड भरायचा, गाडीवाले यायचे. तरीही जमिनीचा भाव जिंकला. तेव्हा 'शनिवार चालला की ट्रॅक जगतो' हे पूर्ण खरं नाही. जमीन कोणाची, हा पहिला प्रश्न. बोमन ग्रे टिकला त्याचं कारण गर्दी नाही, शहराची मालकी आहे. विल्क्समध्ये मालक एकच कंपनी आहे. उद्या तिच्या वहीत आकडे बसले नाहीत तर तुमचे शनिवार कोण वाचवणार?

आणखी एक. तिथे आपल्यासारख्यांना बसायला कसं वाटतं, तेही खरं सांगा.

विल्क्सच्या_वाटेवर

खरं सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पार्किंगमध्ये दोन-तीन ट्रकांवर दक्षिणेचा तो जुना झेंडा होता, गुलामगिरी टिकवायला यादवी युद्ध लढलेल्या राज्यांचा, आणि मी बायकोला म्हटलं, परत फिरू या का? नॅस्करने जून 2020 मध्ये तो झेंडा आपल्या कार्यक्रमांत बंद केला, ट्रकवरून तो लगेच उतरला असं नाही. पण स्टँडमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी आमच्याकडे रेडिओ नाही हे बघून आपल्या स्कॅनरचा एक इअरफोन लेकीच्या कानात घातला. ड्रायव्हर आणि त्याचा माणूस काय बोलतायत ते तिला ऐकू येऊ लागलं. पुढच्या वेळी आम्ही त्यांच्यासाठी चकल्या घेऊन गेलो. सगळ्यांना असाच अनुभव येईल असं मी म्हणत नाही.

जमिनीच्या मालकीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. काउंटीने मैदानाचा हिस्सा घ्यावा किंवा निदान दीर्घ मुदतीचा भाडेकरार करावा, हे कोणी काउंटीच्या बैठकीत मांडणार असेल तर मी येतो. तिथे तीन मिनिटं बोलायला मिळतात.

चाकणकर

तीन मिनिटांत ती चाकवाल्या पोरीची गोष्ट सांगा.